रानाच्या हद्दीवर थांबलेले उपनगर

ओस्लो महापालिकेचा नकाशा पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो चुकीचा रंगवला आहे असे वाटण्याचा संभव आहे. महापालिकेचे क्षेत्रफळ सुमारे 454 चौरस किलोमीटर, लोकसंख्या सात लाखांच्या पुढे. आणि तरीही नकाशाचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग सरसकट हिरवा. ही बागांची किंवा शेतांची हिरवाई नव्हे. हे पाइन आणि स्प्रूसचे रान आहे, त्यात तळी आहेत, दलदल आहे, खडकाळ चढ आहेत. ओस्लोकर या रानाला नुसते ‘मार्का’ म्हणतात. महापालिकेची हद्द ओलांडून ते शेजारच्या अनेक नगरपालिकांत पसरते आणि त्याचे एकूण क्षेत्र सुमारे 1,700 चौरस किलोमीटर भरते. सात लाख माणसे उरलेल्या एका तुकड्यात राहतात. उपनगरातली शेवटची चार मजली इमारत, तिच्यामागचे वाहनतळ, एक दिशादर्शक फलक, आणि तिथून रान सुरू. जगातल्या बहुतेक शहरांच्या कडेला गोदामे, विकायला काढलेले भूखंड, अर्धवट रस्ते असा जो विस्कटलेला पट्टा असतो, तो इथे बऱ्याच ठिकाणी दिसतच नाही. याचे कारण विचारले तर सहसा उत्तर मिळते की नॉर्वेजियन माणसाला निसर्गाची ओढ आहे. हे उत्तर फार अपुरे आहे. ओढ तर पुष्कळ देशांतल्या माणसांना असते. ओस्लोच्या उपनगरांचे जे काही भले झाले, ते बांधकाम कुठे थांबवायचे याच्या निर्णयामुळे झाले, आणि तो निर्णय टिकला, कारण रेल्वे, घरांची मालकी आणि चालण्याचा हक्क या तीन गोष्टींची व्यवस्था त्याच काळात लावली गेली, असे माझे म्हणणे आहे.

हे तपासायला सर्वांत सोयीचे उदाहरण म्हणजे शहराच्या आग्नेयेकडचे लाम्बर्टसेटर. दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ओस्लोत घरांची तीव्र टंचाई होती. पाच वर्षांच्या जर्मन ताब्यात बांधकाम जवळपास ठप्प झाले होते. एकेका घरात दोन-दोन कुटुंबे राहत होती. 1946 मध्ये सरकारने हूसबांकेन ही गृहकर्ज देणारी सरकारी बँक उघडली. 1948 च्या 1 जानेवारीला ओस्लो शहरात आकेर ही भोवतालची, शहराच्या कितीतरी पट मोठी नगरपालिका विलीन झाली आणि शहराला एकदम जमीन मिळाली. तिसरा भागीदार होता ओबोस, म्हणजे 1929 मध्ये स्थापन झालेला सहकारी गृहनिर्माण संघ. कामाची वाटणी सरळ होती: महापालिकेने जमीन द्यायची, सरकारी बँकेने स्वस्त आणि दीर्घ मुदतीचे कर्ज द्यायचे, ओबोसने बांधायचे. फ्रोदे रिन्नान या वास्तुरचनाकाराने आराखडा केला आणि 1950 च्या दशकात शेतांच्या जागी देशातले पहिले नियोजित उपनगर उभे राहिले. घरे साधी, आजच्या मानाने लहान. इमारती बहुतेक तीन-चार मजली, एकमेकींपासून पुरेशा लांब, खडक आणि जुनी झाडे शक्य तिथे न हलवता वसवलेल्या. साठ अंश अक्षांशाजवळच्या या शहरात डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. तिथे दोन इमारतींमधले अंतर म्हणजे थेट उन्हाचा प्रश्न. मध्यभागी दुकाने, शाळा आणि सिम्रा नावाचे चित्रपटगृह. लहान मुलाला मोठा रस्ता न ओलांडता शाळेत जाता यावे, दूध-पाव आणायला गृहिणीला शहर गाठावे लागू नये, असा त्यामागचा विचार होता. विचार नॉर्वेचा एकट्याचा नव्हता. अमेरिकेत क्लॅरेन्स पेरी याने 1929 मध्ये मांडलेली शेजार-वस्तीची कल्पना युद्धोत्तर ब्रिटन आणि स्वीडनमार्गे इथे पोचली होती. पण तीच कल्पना घेऊन इतर अनेक देशांत उभी राहिलेली उपनगरे पुढे मोटारींच्या समुद्रात हरवली. लाम्बर्टसेटर हरवले नाही.

त्याचे एक कारण अगदी नीरस आहे, पण फार महत्त्वाचे आहे. युद्धानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी नॉर्वेने खासगी मोटारींच्या विक्रीवर नियंत्रण ठेवले होते, आणि ते 1 ऑक्टोबर 1960 पर्यंत उठले नाही. म्हणजे ओस्लोची पहिली मोठी उपनगरे आखली गेली, तेव्हा तिथे राहणाऱ्या सामान्य कामगाराकडे मोटार असणार नाही हे गृहीतच होते. शहरात कामाला जायचे तर रूळ हवेत. लाम्बर्टसेटरचा मार्ग 1957 मध्ये ट्रामसाठी सुरू झाला आणि 1966 मध्ये शहराची भुयारी रेल्वे धावू लागली ती याच मार्गावरून. स्थानकापासून पायी जाता येईल एवढ्या अंतरातच घरे बांधण्यात अर्थ होता. त्याहून दूरचे घर कुणी घेतले नसते. वस्ती आटोपशीर राहिली ती कुणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे नव्हे, चालणाऱ्या माणसाच्या पायांमुळे. पुढे मोटारी आल्या, रुंद रस्तेही आले, पण तोवर वस्तीचा सांगाडा पक्का झाला होता आणि नंतरच्या उपनगरांनी तोच पुढे नेला. ग्रूरुद खोऱ्याच्या उतारावरचे रोम्सोस घ्या. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला पूर्ण झालेल्या या वस्तीत मोटारींचा रस्ता बाहेरून गोल फिरतो आणि आतला सगळा भाग पायी चालणाऱ्यांचा आहे. तिथले स्थानक 1974 मध्ये चक्क खडकाच्या पोटात खोदले गेले.

रुळांचा रानाशी असलेला संबंध मात्र लाम्बर्टसेटरच्या आधीपासूनचा आहे. होल्मेनकोलेनच्या टेकडीकडे जाणारी विजेची गाडी 1898 मध्येच सुरू झाली होती, 1916 मध्ये ती अजून वर फ्रोग्नरसेटेरेनपर्यंत गेली, आणि 1934 मध्ये दुसरा मार्ग सोंग्सवान नावाच्या तळ्याशी जाऊन थांबला. आज त्या शेवटच्या स्थानकावर उतरले की चार पावलांवर तळे आणि त्यापलीकडे दिवसभर चालता येईल एवढे रान. हिवाळ्यात भुयारी रेल्वेच्या डब्यात खांद्याला स्की लावून उभी असलेली माणसे हे शहरातले रोजचे दृश्य आहे. जो गाडीने कामावर जातो, तोच रविवारी त्याच गाडीने उलट्या टोकाला जातो. रान वाचवण्याच्या बाजूने मत देणारा नागरिक अशा सोयीतून तयार होतो. ज्याला रान फक्त नकाशावर दिसते, तो त्याच्या बाजूने फार काळ उभा राहत नाही.

पण पोचण्याची सोय झाली म्हणून आत शिरण्याचा हक्क मिळतोच असे नाही. मार्कातले बरेचसे रान महापालिकेचे असले, तरी फार मोठा भाग खासगी आहे; लोवेनशॉल्ड या जुन्या जमीनदार घराण्याकडे शहराच्या उत्तरेला शेकडो चौरस किलोमीटर जंगल आहे आणि त्यातून लाकडाचा धंदा चालतो. युरोपात इतरत्र असे रान कुंपणाआड शिकारीसाठी राखलेले असते. नॉर्वेत तसे झाले नाही, कारण पडीक आणि रानजमिनीतून कुणीही चालावे ही वहिवाट तिथे शतकानुशतकांची आहे, आणि 1957 च्या कायद्याने ती लेखी केली. (लाम्बर्टसेटरचा रूळही 1957 चाच, हा योगायोग, पण दोन्हींच्या मुळाशी त्या पिढीचा एकच विचार दिसतो.) या कायद्याने जमिनीचे दोन प्रकार मानले: घर, अंगण, पेरलेले शेत ही आतली जमीन, आणि त्याबाहेरचे रान, माळ, डोंगर ही बाहेरची. बाहेरच्या जमिनीवर मालक कुणीही असो, माणसाला चालता येते, स्कीवरून जाता येते, बेरी आणि अळंबी गोळा करता येते. वस्तीच्या घरापासून किमान 150 मीटर दूर तंबू ठोकून दोन दिवस राहता येते, त्यासाठी परवानगी लागत नाही. शेतावर बर्फ साचले किंवा जमीन गोठली की हिवाळ्यात तेही ओलांडता येते. याच्या बदल्यात बंधनेही आहेत. 15 एप्रिल ते 15 सप्टेंबर रानात किंवा रानाजवळ शेकोटीला मनाई, झाडाला इजा नाही, जनावरांना त्रास नाही. हा हक्क नसता तर उपनगराच्या शेवटच्या इमारतीतून रान नुसते दिसले असते, आणि हद्दीची रेघ कुणाच्या तरी मालमत्तेचे कुंपण होऊन बसली असती.

रेघ टिकण्यामागे आणखी एक घटक आहे, तो पाण्याचा. ओस्लोच्या नळाला येणारे सुमारे नव्वद टक्के पाणी मारिदाल सरोवरातून येते, आणि ते सरोवर मार्कातल्या ओढ्यांनी भरते. तिथे पोहायला बंदी आहे, काठावर नवी घरे बांधू दिली जात नाहीत. म्हणजे स्कीवाला, अळंबी वेचणारा, लाकूडमालक, पाणीपुरवठ्याचा अभियंता आणि शाळकरी मुलांची सहल, अशा परस्परांशी काही देणे-घेणे नसलेल्या लोकांचे हित एकाच रानात गुंतले. 1883 मध्ये स्थापन झालेला स्की संघ आजही मार्कातल्या सुमारे 2,600 किलोमीटर वाटा हिवाळ्यात तयार ठेवतो. उन्हाळ्यातल्या पायवाटा झाडांवर निळ्या रंगाच्या खुणांनी आणि हिवाळ्यातल्या लाल खुणांनी दाखवलेल्या असतात. या लोकांची ताकद 1946 मध्येच दिसली. नूरमार्का या मार्काच्या उत्तरेकडच्या भागातून विजेची मोठी वाहिनी नेण्याचा बेत जाहीर झाला, तेव्हा हजारो ओस्लोकर रस्त्यावर उतरले. युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या, घरे आणि अन्न दोन्ही अपुरे असलेल्या शहरात विजेच्या खांबांविरुद्ध निघालेला तो मोर्चा मला या सगळ्या हकिकतीतला निर्णायक पुरावा वाटतो. रान हे पोट भरल्यानंतरचे सुख आहे, हा समज त्याने खोडून काढला. तरीही रेघेला स्वतंत्र कायद्याचे बळ मिळायला 2009 उजाडावे लागले. त्या वर्षी 1 सप्टेंबरपासून लागू झालेल्या मार्का कायद्याने हद्दीच्या आत बांधकामाला मुळातच मनाई केली, शेती-जंगलाच्या गरजा आणि काही मोजके अपवाद सोडून. हद्द हलवण्याचा अधिकार स्थानिक नगरपालिकेकडे न ठेवता राष्ट्रीय सरकारकडे ठेवला, आणि माझ्या मते कायद्यातली सर्वांत शहाणी तरतूद हीच. घरांसाठी जमीन हवी असा दबाव सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात येतो तो नगरपालिकेवर. हद्दीची किल्ली तिच्याकडेच असती तर दर निवडणुकीनंतर रेघ थोडी आत सरकली असती.

रानाबद्दल इतके सांगितल्यावर वस्तीच्या आतल्या जमिनीचे काय, हेही पाहायला हवे. लाम्बर्टसेटरसारख्या भागात बहुतेक घरे ‘बोरेट्सलाग’ या सहकारी रचनेत आहेत. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांशी परिचित असलेल्या वाचकाला ही रचना ओळखीची वाटेल: इमारत आणि जमीन संस्थेची, सदस्याला आपल्या घरात राहण्याचा हक्क, दरमहा सामायिक खर्चाचा वाटा. फरक प्रमाणाचा आहे. तिथल्या एकेका संस्थेकडे अनेक इमारती आणि त्यांच्यामधली सगळी मोकळी जमीन असते, म्हणजे झाडे, घसरगुंडी, पायवाटा, हे सगळे सदस्यांच्या सामायिक मालकीचे. वसंतात बर्फ वितळल्यावर एक दिवस ठरवून सगळे शेजारी बाहेर पडतात, पाने गोळा करतात, बाक रंगवतात, मग कॉफी आणि सॉसेज होते. याला ‘दुग्नाद’ म्हणतात आणि न येणाऱ्याकडे शेजारी जरा नापसंतीने पाहतात. घरांमधली जागा कुणा एकाची नसल्यामुळे ती कुंपणे घालून कापली गेली नाही, आणि घराच्या दारापासून रानाच्या वाटेपर्यंत सलग चालत जाता येते. लाम्बर्टसेटरहून पूर्वेला ओस्टेनशो तळे आहे. पक्ष्यांच्या विणीसाठी प्रसिद्ध असलेले हे तळे आणि त्याचा काठ 1992 पासून राखीव आहे. त्याच्या पुढे ओस्टमार्का, म्हणजे मार्काचा पूर्वेकडचा भाग. भर उपनगरातून, मोठ्या रहदारीशी फारशी गाठ न पडता, माणूस पायी तिथवर जातो.

यावर पहिला आक्षेप पैशाचा येतो: नॉर्वे श्रीमंत आहे, तेलाच्या जोरावर असली चैन परवडते. कालक्रम पाहिला तर हा आक्षेप उभा राहत नाही. उत्तर समुद्रातले एकोफिस्क तेलक्षेत्र सापडले 1969 मध्ये. तोवर लाम्बर्टसेटर बांधून झाले होते, भुयारी रेल्वे धावत होती, चालण्याच्या हक्काचा कायदा बारा वर्षांचा झाला होता. हे निर्णय घेणारा देश मोटारींची विक्री रोखून परकीय चलन वाचवत होता. दुसरा आक्षेप याच्या जवळचा आहे, की साडेपाच दशलक्ष लोकसंख्येच्या एवढ्या मोठ्या देशात जागा वाचवण्यात कसले कौतुक. पण नॉर्वेत शेतीखाली जमीन आहे ती जेमतेम तीन टक्के, आणि पाचांपैकी चार माणसे गाव-शहरांच्या दाट वस्तीत राहतात. ओस्लोच्या माणसाला उत्तरेकडच्या फिनमार्कमधल्या विस्तीर्ण पठाराचा रोजच्या जगण्यात काही उपयोग नाही. त्याच्यापुरती जागा तेवढीच, जी गाडीच्या शेवटच्या स्थानकापाशी आहे.

तिसरा आक्षेप खरोखर वजनदार आहे. शहराच्या भोवती अशी रेघ ओढली की आतली जमीन महाग होते, आणि ओस्लोतली घरे महाग आहेतच. त्यात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला सहकारी घरांच्या विक्रीवरचे किमतीचे नियंत्रण उठले. कामगारासाठी बांधलेले लाम्बर्टसेटरचे घर बाजारभावाने विकले जाऊ लागले. ज्यांना ते परवडत नाही, ते रेघेच्या पलीकडे, लिलेस्ट्रोम किंवा शी अशा गावांत राहायला जातात आणि रोज ये-जा करतात. शीपर्यंतचा नवा रेल्वे बोगदा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला. तो सुमारे वीस किलोमीटर लांब आहे आणि त्याच्यावर अफाट खर्च झाला. आक्षेप घेणारे म्हणतात, हा खर्च हीच त्या रेघेची किंमत. त्यात तथ्य आहे. पण किमतीचा सगळा दोष रेघेवर टाकता येत नाही. ज्या काळात रेघ होती आणि घरेही परवडत होती, त्या काळात जमीन महापालिका देत होती, कर्ज सरकारी बँक देत होती आणि पुनर्विक्रीवर नियंत्रण होते. हे तीन आधार काढून घेतले गेले, रेघ तेवढी राहिली. शिवाय रेघेमुळे शहराला आपल्या पोटातल्या जागा शोधाव्या लागल्या. 1998 मध्ये फोर्नेबूचा विमानतळ बंद झाल्यावर शेजारच्या बेरुम नगरपालिकेतली ती जमीन वस्तीसाठी मोकळी झाली. लोरेन, एनशो, न्यूदालेन या जुन्या कारखान्यांच्या भागांत आता घरे आहेत. रान कापण्याची मुभा असती तर या जागा इतक्या लवकर कुणी हाती घेतल्या नसत्या.

सर्वांत अवघड आक्षेप समतेचा आहे, आणि त्याचे पुरते उत्तर माझ्याकडे नाही. ग्रूरुद खोऱ्यात उतारावर एकामागून एक उपनगरे उभी राहिली: आमेरुद, रोम्सोस, स्टोव्नर. आमेरुदचे उंच आणि लांबलचक ठोकळे 1960 च्या दशकाच्या मध्याला झाले, आणि 1969 मध्ये आने सेटरडाल आणि थोरब्यॉर्न हान्सेन यांच्या अभ्यासाने त्यांच्यावर कठोर टीका केली: नियोजकांनी घरांची संख्या मोजली, तिथे राहणाऱ्यांचे जगणे मोजले नाही. त्या अहवालाने नॉर्वेतली उपनगरांविषयीची चर्चाच बदलून टाकली. खोऱ्याच्या वरच्या कडेला रान आहे हे खरे, पण तळाशी महामार्ग आहेत, गोदामे आहेत, आलनाब्रूचे देशातले सर्वांत मोठे मालगाडी-स्थानक आहे. शहराच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवर जुनी श्रीमंती आणि पूर्वेला स्थलांतरितांची, कमी उत्पन्नाची घरे, ही विभागणी आजही आहे. दोन बाजूंच्या सरासरी आयुर्मानातसुद्धा काही वर्षांचा फरक पडतो. रानाची वाट दोघांनाही खुली आहे, पण स्कीची सवय, उबदार कपडे, मोकळा रविवार या गोष्टी कायद्याने वाटता येत नाहीत. रानाच्या सान्निध्याने गरिबी हटत नाही, आणि तसा दावा करणाऱ्याने ग्रूरुद खोऱ्याच्या तळाशी जाऊन यावे. सरकार आणि महापालिकेने 2007 पासून या खोऱ्यासाठी दीर्घ मुदतीचा संयुक्त कार्यक्रम हाती घेतला. त्यात शाळा आणि रोजगाराइतकेच लक्ष पायवाटा, उद्याने आणि बुजवलेली आलना नदी यांच्याकडे दिले गेले. 2017 मध्ये स्टोव्नरला झाडांच्या शेंड्यांवरून वळणे घेत जाणारा उंच मार्ग उभा राहिला, ज्यावरून चाकांची खुर्चीही जाते. माझ्या मते या खर्चाची दिशा योग्य आहे. हद्द राखण्याचे काम झाले. आता हद्दीपर्यंतची वाट प्रत्येक इमारतीच्या दारातून सारखीच सोपी करण्याचे काम उरले आहे, आणि ते जास्त चिकाटीचे आहे.

हद्दीच्या आतही सगळे सुरळीत नाही. मार्का कायदा घरे रोखतो, करवत रोखत नाही. आतल्या खासगी आणि महापालिकेच्या रानात लाकूडतोड चालते, आणि खासगी रानात एका वेळी मोठा पट्टा सपाट करून टाकण्याच्या पद्धतीवरून उपनगरातले रहिवासी आणि जमीनमालक यांच्यात वर्षानुवर्षे वाद आहे. जुनी, कधीच एकजात न तोडलेली झाडी, जिथे पडलेल्या ओंडक्यांवर दुर्मिळ बुरशी आणि दगडफुले वाढतात, ती एकदा गेली की पुन्हा उभी राहायला माणसाच्या अनेक पिढ्या लागतात. म्हणून मार्का कायद्यातच खास निसर्गानुभवाच्या जागा वेगळ्या राखण्याची तरतूद करावी लागली, आणि 2023 मध्ये ओस्टमार्काच्या एका भागाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. एखाद्या राजधानीच्या भुयारी रेल्वेपासून इतक्या जवळ राष्ट्रीय उद्यान असणे युरोपात फार दुर्मिळ आहे. तिथल्या झाडांचे भवितव्य ठरले. उरलेल्या मार्कात किती झाडी वृद्ध होऊ द्यायची आणि त्याबद्दल मालकाला भरपाई कुणी द्यायची, हा पुढचा वाद ओस्लोच्या सभागृहात आणि संसदेत चालू आहे, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज आजही रुळांच्या शेवटच्या टोकाला राहणाऱ्यांचाच आहे.